आरडी तीनदा मोडली तेव्हा कळलं: पहिल्या पगारापासून टिकणारी शिल्लक कशी करायची

२०१३ साली डिप्लोमा करून कराडहून चाकणला आलो. ट्रेनी म्हणून हातात ११,५०० पडायचे, भोसरीत चौघांत एक खोली, मेसचा डबा १,८००. वडिलांनी एकच सांगितलेलं की महिन्याला हजार तरी बाजूला टाक, म्हणून बँकेत हजाराची आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव) लावली आणि पुढच्या तीन वर्षांत ती तीनदा मोडली. पहिल्यांदा मोबाईल पाण्यात पडला म्हणून, मग मावसबहिणीचं लग्न निघालं म्हणून, आणि शेवटी खोली बदलली तिचं डिपॉझिट भरायचं होतं म्हणून. त्या तिसऱ्या वेळेला काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म सरकवला आणि वर न बघताच म्हणाल्या, "परत मोडताय? मग लावता कशाला हो?" राग आला तेव्हा. पण बसमध्ये खोलीवर येईपर्यंत तेच डोक्यात, की बाई बोलली ते खरंय.

हप्ते मी भरतच होतो, सवय होती. पैसे टिकत नव्हते. आणि नीट बघितलं तर तिन्हीपैकी एकही गोष्ट इमर्जन्सी नव्हती. मोबाईल कधीतरी जातोच, मावसबहिणीचं लग्न होणार हे सगळ्या गावाला माहीत होतं, खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपणार हे तर मी स्वतः सही करून मान्य केलेलं. त्यामुळे खाली जे लिहितोय ते सगळं एकाच प्रश्नाभोवती आहे, की एकदा बाजूला टाकलेला पैसा परत काढायची पाळी कशाकशामुळे येते आणि ती एकेक वाट बंद कशी करायची. चहा सोडा, वडापाव सोडा असले सल्ले मिळणार नाहीत, चहा प्या खुशाल.

पायरी १: तीन महिन्यांचं स्टेटमेंट आणि एक पेन

बँकेच्या ॲपमधून मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि शक्यतो प्रिंट मारा, कारण मोबाईलवर आपण नुसतं वर सरकवत जातो. प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहायचं: भाडं-लाईटबिल, खाणं, प्रवास, घरी पाठवलेले, हप्ते, आणि शेवटचा प्रकार "काय माहीत". यूपीआय आल्यापासून हा शेवटचा प्रकार भलताच फुगलाय, साठ रुपये, एकशेवीस रुपये, कुणाच्यातरी नावावर, कशाचे ते आठवत नाही. माझे महिन्याला २,३०० निघाले होते. ते लगेच बंद करायला जाऊ नका, आकडा माहीत असला तरी सध्या पुरे.

बजेट म्हणून पन्नास-तीस-वीस वगैरे सूत्र (पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत) सगळीकडे दिसेल. ज्याला घरी पैसे पाठवायचे असतात त्याला ते बसतच नाही, त्यामुळे जमलं नाही तर स्वतःला नालायक समजू नका. एक उदाहरण घेऊ, हातात २८,००० येतात असं धरून: भाड्याचा वाटा ५,०००, खाणं ५,५००, पेट्रोल २,०००, रिचार्ज वगैरे ५००, घरी ५,०००. हे झाले १८,०००. उरले १०,०००, त्यांचं काय करायचं ते पुढे.

पायरी २: वर्षातून एकदा येणारे खर्च (हीच खरी गोम)

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो कारण माझी आरडी तीनही वेळा इथेच मेली. महिन्याचा हिशोब सगळे करतात आणि वर्षाचा कुणी करत नाही, मग ऑगस्ट उजाडला की राखी, गणपती, पाठोपाठ दसरा-दिवाळी, तोवर गाडीचा इन्शुरन्स, आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, पत्रिकांवर पत्रिका. प्रत्येक वेळी वाटतं की "हा महिना जरा वेगळा होता". बारा महिन्यांतले नऊ महिने वेगळेच असतात हो.

कालनिर्णय भिंतीवरनं खाली काढा, समोर ठेवा आणि एकेक पान उलटत लिहा. वर म्हटलेल्या पगाराच्या मुलाचा हिशोब साधारण असा येईल:

- दुचाकीचा इन्शुरन्स १,८००
- सर्व्हिसिंग दोनदा ३,०००
- टायर नाहीतर बॅटरी, काहीतरी निघतंच १,५००
- गणपती आणि दिवाळीला गावी जाणं-येणं, घरच्यांचे कपडे, फटाके-फराळ ९,०००
- लग्नं, बारशी, वास्तुशांती, सगळे आहेर ५,०००
- राखी, भाऊबीज २,०००
- मोबाईल, १५,००० चा, तीन वर्षं चालेल असं धरून वर्षाला ५,०००
- दात, चष्मा, ताप-खोकला ३,०००
- मित्रांबरोबर एक ट्रिप ५,०००

बेरीज ३५,३००, म्हणजे महिन्याला जवळपास ३,०००. हे ३,००० दर महिन्याला वेगळ्या डब्यात पडले पाहिजेत आणि ते खर्च करायचेच आहेत, त्यात अपराधी वाटून घ्यायचं नाही. आहेराचा आकडा काढायला आईकडची आहेराची वही मागवा, कुणी आपल्याकडे किती केला होता हे त्यात असतं आणि आपल्याला तेवढंच परत करायचं असतं, त्यामुळे अंदाज बरोबर बसतो. मी फोनवर विचारलं तर आई म्हणाली, "आत्ता कुठं सुधारलास."

मोबाईल हप्त्यावर घ्यायची सवय पण या डब्यामुळे सुटते. "नो कॉस्ट" म्हणतात त्यात बऱ्याचदा प्रोसेसिंग फी असते, व्याजावरचा जीएसटी असतो आणि रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही. शिवाय एक हप्ता संपायच्या आत दुसरा लागतो.

पायरी ३: पैसा डोळ्यांआड

पगार ज्या खात्यात येतो त्याच खात्यात बचत ठेवली तर ती बचत नव्हेच. दुसऱ्या बँकेत झिरो बॅलन्सचं खातं काढा. त्याचं एटीएम कार्ड पाकिटात ठेवायचं नाही, आणि मुख्य म्हणजे ते खातं यूपीआयला जोडायचं नाही. पगार १ तारखेला होत असेल तर २ तारखेला आपोआप पैसे तिकडे जातील अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा. महिनाअखेर उरतील ते टाकू म्हणाल तर सांगतो, उरत नाहीत, कुणाचेच उरत नाहीत.

आपल्या उदाहरणात १०,००० पैकी ३,००० वर्षाच्या डब्यात, ३,००० खऱ्या बचतीत, आणि ४,००० हातखर्चाला, ते कसेही उडवा. ३,००० जमत नसतील तर १,००० लावा पण आपोआप जाऊ द्या.

ज्यांचा हात माझ्यासारखा सैल आहे त्यांच्यासाठी पोस्टाची आरडी मला बँकेपेक्षा बरी वाटते. महिन्याला १०० पासून सुरू होते, पाच वर्षांची असते, आणि तीन वर्षांच्या आत ती बंदच करता येत नाही. त्यानंतर मोडली तरी सेव्हिंग खात्याचंच व्याज मिळतं. लोक याला तोटा म्हणतात. मला २०१३ साली हाच तोटा हवा होता.

पायरी ४: अडीनडीचे पैसे

नोकरी गेली, अपघात झाला, वडिलांना रातोरात ॲडमिट करावं लागलं, ही इमर्जन्सी. सेल लागला ही नव्हे. तीन ते सहा महिन्यांचा अत्यावश्यक खर्च हवा असं म्हणतात. आपल्या उदाहरणातले १८,००० गुणिले चार, म्हणजे ७२,०००. महिन्याला ३,००० ने याला दोन वर्षं लागतात, घाबरू नका, दिवाळीचा बोनस आणि ओव्हरटाइमचे पैसे यात टाकले की लवकर होतं. पहिला टप्पा १५,००० चा धरा, तेवढ्यानेही झोप बरी लागते.

ठेवायचे कुठे? एफडीत (बँकेतल्या मुदत ठेवीत), पण एक मोठी एफडी करू नका. दहा-दहा हजारांच्या वेगवेगळ्या करा, म्हणजे बारा हजार लागले तर दोनच मोडतील, बाकीच्या चालू राहतील. मुदतीआधी मोडली की बहुतेक बँका व्याजातून अर्धा-एक टक्का कापतात, ते चालतं. शेअर, म्युच्युअल फंड, सोनं यांत हा पैसा ठेवू नका. सोनं मोडायला गेलं की घडणावळ गेली, घेताना भरलेला ३ टक्के जीएसटी गेला, आणि आईचा चेहरा उतरतो तो वेगळाच.

बँक निवडताना एक माहिती असू द्या. प्रत्येक बँकेत एका ठेवीदाराच्या मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीचं) विमा संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी ते फक्त १ लाख होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते, मुंबईत रांगा लागलेल्या आठवत असतील. आणि पतसंस्था ही बँक नाही, तिथल्या ठेवीला हा विमा नसतो. चेअरमन आपल्या भावकीतले असतात, व्याज एक-दीड टक्का जास्त असतं, पिग्मीवाला दुकानात येऊन पैसे घेऊन जातो, सगळं खरं, पण अडीनडीचा पैसा तिथे नको.

पायरी ५: क्रेडिट कार्ड आणि ॲपवरची कर्जं

कार्ड वाईट नाही, "मिनिमम ड्यू" वाईट आहे, म्हणजे पूर्ण बिल न भरता बँक म्हणेल तेवढी कमीत कमी रक्कम भरणं. समजा ४०,००० थकलेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. झाले १,४०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, म्हणजे १,६५२. आता तुम्ही मिनिमम म्हणून २,००० भरले तर मूळ रकमेतून कमी झाले ३४८ रुपये. दोन हजार खिशातून गेले आणि कर्ज साडेतीनशेने उतरलं! वर नवीन खरेदी केली तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज.

म्हणून क्रम असा: आधी ते १५,००० जमवा, मग बाकी सगळी बचत थांबवून कार्ड आणि ॲपची कर्जं संपवा, मग ७२,००० कडे वळा. वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज जात असताना सहा-सात टक्क्यांची एफडी करण्यात अर्थ नाही. एकदम भरणं जमत नसेल तर बँकेला सांगून थकबाकीचे हप्ते पाडून घ्या, किंवा घरचं सोनं तारण ठेवून भरा, व्याज बरंच कमी पडतं. लाज वाटते मान्य आहे, मलाही वाटली होती.

पायरी ६: पॉलिसीवाले काका

नोकरी लागली की पंधरा दिवसांत वडिलांच्या ओळखीचे एक काका घरी येतात, पोहे खातात आणि पॉलिसी देऊन जातात. "बचत पण आणि विमा पण." प्रत्यक्षात अशा एन्डोमेंट पॉलिसीत परतावा बहुतेक वेळा पाच-सहा टक्क्यांच्या आसपास येतो आणि विम्याची रक्कम इतकी किरकोळ असते की तुमच्या माघारी घर दोन वर्षंही चालणार नाही. मध्येच सोडली तर भरलेल्यातलं बरंच जातं. सही करून बसला असाल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, काका रागावतील, रागावू दे.

तुमच्या पगारावर कुणी अवलंबून असेल तर साधी टर्म पॉलिसी (नुसता विमा, बचत नाही) घ्या, नसेल तर आत्ता घाई नाही. आरोग्य विमा मात्र स्वतःचा वेगळा हवा, कारण कंपनीचा विमा नोकरी सुटली की सुटतो, आणि नोकरी सुटल्यावरच माणूस आजारी पडतो असा माझा अनुभव. आईवडिलांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना बघून ठेवा, यादीतल्या हॉस्पिटलात ठरावीक उपचारांना कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. घरातले कुणी ७० च्या पुढचे असतील तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड निघतं. गावाजवळचं यादीतलं हॉस्पिटल कोणतं हे आजच शोधून ठेवा, रात्री दोन वाजता शोधता येत नाही.

पायरी ७: पीएफला हात लावायचा नाही

मूळ पगार आणि डीए (महागाई भत्ता) यांच्या १२ टक्के आपले जातात, तेवढेच कंपनी भरते, कंपनीच्या भागातला काही हिस्सा पेन्शनला जातो. नोकरी बदलली की आपल्याकडे पद्धतच आहे, पहिलं काम पीएफ काढणं. २०१५ ला कंपनी सोडल्यावर माझ्याबरोबरच्या एकाने ६१,००० काढून बुलेटचं डाउनपेमेंट केलं, मी आळसाने अर्जच भरला नाही आणि नंतर ट्रान्सफर केला. फक्त आळस, शहाणपण काही नाही. या दहा वर्षांत पीएफचं व्याज आठ टक्क्यांच्या खाली गेलेलं नाही, त्यामुळे तसल्या रकमेचे आज दुपटीहून जास्त झालेत. पाच वर्षं नोकरी पूर्ण व्हायच्या आत काढला तर टॅक्स पण लागतो.

करायचं काय, तर यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) चालू करा, आधारवरचं आणि कंपनीतलं नाव-जन्मतारीख अक्षरशः एक आहे का बघा. "कुळकर्णी" आणि "कुलकर्णी" मध्ये लोकांचे महिनोनमहिने गेलेत.

पायरी ८: लांबचा पैसा

इथवर आलात की मग गुंतवणूक. लोक नेमकी इथूनच सुरुवात करतात आणि पहिल्या अडचणीला एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकणं) विकतात.

पीपीएफ (पोस्टात किंवा बँकेत उघडायचं सरकारी बचत खातं): वर्षाला कमीत कमी ५००, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत पंधरा वर्षं. एप्रिल २०२० पासून व्याज ७.१ टक्क्यांवर आहे. व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या कमीत कमी शिलकीवर धरतात, म्हणून पैसे ५ च्या आत भरायचे, ६ ला भरले तर त्या महिन्याचं व्याज गेलं. हाच दर राहिला तर महिना १,००० ने भरलेल्या १,८०,००० चे साधारण ३,१५,००० होतात. नवीन टॅक्स पद्धतीत पीपीएफ-विम्यातल्या पैशावरची सूट (जिला सगळे ८०सी म्हणतात) मिळत नाही, तेव्हा "टॅक्स वाचवायला" म्हणून कुणी मार्चमध्ये काही गळ्यात मारत असेल तर आधी आपण कुठल्या पद्धतीत आहोत ते बघा. पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत नवीन पद्धतीत तसाही टॅक्स लागत नाही.

एसआयपी: सात-दहा वर्षं लागणार नाही असाच पैसा. सुरुवातीला एक साधा इंडेक्स फंड (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा) पुरतो, डायरेक्ट प्लॅन घ्या, त्यात एजंटचं कमिशन नसतं म्हणून खर्च कमी. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० च्या वर पॉइंट पडला, तेरा टक्के. माझ्या ५८,००० चे ४० हजारांच्या आसपास दिसत होते. तेव्हा मी विकले नाहीत याचं कारण धैर्य वगैरे नाही, एफडीत चार महिन्यांचा खर्च होता म्हणून. लॉकडाऊनमध्ये पगार अर्धा येत होता आणि भाडं त्या एफडीतून गेलं. पायऱ्यांचा क्रम असा का, तो यासाठी.

माणसांचं काय करायचं

उसने मागणारे असतातच. मी वर्षाला ५,००० चा एक आकडा ठरवलाय, तो परत येणार नाही असं धरूनच देतो, आणि संपला की "या वर्षीचे संपले रे" असं सांगतो. विचित्र वाटतं, पण चालतं. कुणाच्या कर्जाला जामीन मात्र राहायचं नाही, चुलता असला तरी.

घरी पाठवायचा आकडा ठरलेला ठेवा. कधी २,००० कधी ९,००० असं केलं की त्यांनाही हिशोब लागत नाही आणि आपल्यालाही. बसून एकदा बोला, बहिणीच्या शिक्षणाला किती, घराच्या पत्र्याला किती, कधी लागणार. अवघड बोलणं आहे, वडील गप्प बसतात, आई स्वयंपाकघरात जाते, तरी बोला.

भिशी? ओळखीच्या दहाजणांची, महिना दोन हजारांची, कुणी चुकवलं तर तोंड दाखवायला जागा राहू नये अशा माणसांची असेल तर बचतीची सवय म्हणून छान. व्याज काही नाही. पहिल्या महिन्यांत उचलून नंतर फोन न उचलणारा एक तरी भेटतो, म्हणून जेवढं बुडालं तरी चालेल तेवढंच.

पगारवाढीचं पत्र आलं त्याच दिवशी

२८ चे ३१ हजार झाले तर १,५०० ची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन त्याच दिवशी वाढवायची, वाढलेला पहिला पगार खात्यात दिसायच्या आत. उरलेले १,५०० मजेत उडवा. एकदा सगळे ३१ हातात आले की महिनाभरात ते कमी पडायला लागतात.

शेवटचं, नॉमिनी आणि एक कागद

प्रत्येक खातं, एफडी, पीएफ, फंड, सगळीकडे नॉमिनी आहे का ते बघा. लग्न झालं की पीएफचं नॉमिनेशन नव्याने करायचं. मग एका कागदावर लिहा, कुठल्या बँकेत काय आहे, पॉलिसी नंबर, यूएएन, आणि घरी द्या. पासवर्ड किंवा पिन लिहू नका. माझा कागद आईच्या कपाटात रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत असतो, दरवर्षी गुढीपाडव्याला गावी गेलो की बदलतो. या वर्षीचा बदलायचा राहिलाय, त्यावर अजून जुन्या बँकेचं नाव आहे.